ख्रिस्ताच्या ठायी असणे

‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर जात, कूळ, कर्तृत्व किंवा लोकांचे मत यांत न शोधता देवाशी जडलेल्या नात्यात शोधणे, या ख्रिस्ती श्रद्धेला उद्देशून ‘ख्रिस्ताच्या ठायी असणे’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग प्रेषित पौलाचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या त्याच्या पत्रांत तो पुन्हा पुन्हा येतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले वाक्य मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) अनेकांना पाठ असते : “जर कोणी ख्रिस्ताच्या ठायी असेल तर तो नवी उत्पत्ती आहे.”

मराठी बायबलने इथे ‘ठायी’ हा शब्द योजला, हे फार नेमके झाले. ठाय म्हणजे जागा. आपण कोण, हे आपण कसे आहोत यापेक्षा आपण कुठे आहोत यावर ठरते, असे पौलाला म्हणायचे आहे. ‘ओळख’ हा शब्दही मराठीत असाच दुहेरी आहे. ओळख म्हणजे आपले स्वरूप, आणि ओळख म्हणजे कुणीतरी आपल्याला ओळखणे. गलतीकरांना लिहिताना पौल ‘तुम्ही देवाला ओळखता’ असे म्हणतो आणि लगेच स्वतःला सुधारतो : खरे तर देवाने तुम्हांला ओळखले आहे. या संकल्पनेचा गाभा या दुरुस्तीत आहे. माणूस स्वतःची ओळख घडवत नाही, ती त्याला मिळते. ‘मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस,’ हे यशयाच्या ग्रंथातले देवाचे बोलही हेच सांगतात.

ती कशी मिळते, हे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात दिसते. वाट्याचा पैसा उडवून डुकरे राखायची वेळ आलेला धाकटा मुलगा घरी परतताना बापापुढे बोलायची वाक्ये मनाशी जुळवतो. शेवटचे वाक्य असते, ‘मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा.’ बाप तो दूर असतानाच धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा बोलायला लागतो, पण ते शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. तोवर झगा, अंगठी आणि जोडा आणायची आज्ञा सुटलेली असते. स्वतःविषयी त्याने केलेला निवाडा बापाने ऐकूनच घेतला नाही.

पौलाने यासाठी दत्तकविधानाची उपमा घेतली. रोमन कायद्यात दत्तक गेलेल्याला नव्या बापाचे नाव आणि वारसा दोन्ही मिळत. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा केले, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला दत्तक ही केवळ मायेची नव्हे, हक्काचीही गोष्ट असते हे वेगळे सांगायला नको. रोमकरांस पत्रात याच ‘दत्तकपणाच्या आत्म्या’मुळे विश्वासणारा देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो.

महाराष्ट्रात या शिकवणुकीची सर्वांत कठोर परीक्षा पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यात झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलसंस्कार, घेतला. लगेचच प्रश्न आला तो ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे का, हा. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालायलाही त्या तयार नव्हत्या; संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र असे काय आहे, हा त्यांचा सवाल होता. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत, पण म्हणून धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही, असे त्यांनी वाँटेजच्या मठातील धर्मभगिनी सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवले. ज्यांच्या आश्रयाला राहायचे त्यांनाच असे लिहायला केवढे धैर्य लागले असेल! माझ्या मते या पत्रव्यवहाराइतकी या विषयाची चांगली शिकवण मराठी माणसाला दुसरीकडे मिळणे कठीण.

पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या आणखी खोल जातात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशी कबुली त्या देतात. धर्माचे नाव लागणे आणि ख्रिस्ताच्या ठायी असणे यांतला फरक याहून प्रांजळपणे सांगता येणार नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी विधवांना, दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला. ज्यांना समाजाने ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले, त्यांना देवाची लेक म्हणून वाढवले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या वाटेने आलो ही त्यांची धारणा होती, आणि अभंग-ओव्यांतून भक्ती गाताना त्यांना काही परके वाटले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र हा आघात होता. त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. सोवळेओवळे त्यांच्या मनातून हळूहळू कसे गळून पडले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचायला मिळते; त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा.

‘यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेदच नाही,’ हे गलतीकरांस पत्रातले वचन अहमदनगर परिसरातील अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांना जीवनदायी वाटले, आणि त्यांतील पुष्कळांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. पण याच वचनाचा दुरुपयोगही होतो. ‘ख्रिस्तात जात नाही’ असे म्हणून मंडळीतला जातिभेद झाकता येतो. शासनदरबारी तर वेगळाच पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. गावाने जात विसरली नाही, कागदाने ती मानली नाही. अशा माणसाला ‘तू देवाचा आहेस’ एवढे सांगून थांबणे अपुरे आहे. पौलाच्या वचनात ते सांगणाऱ्याने शेजारी बसून जेवणेही येते. अंत्युखिया शहरात विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांच्या पंक्तीतून उठून गेलेल्या येशूच्या शिष्याला, पेत्राला, त्याने सर्वांसमोर दोष दिला होता.

ही ओळख बाप्तिस्म्यात दृश्य होते. कॅथलिक विधीत धर्मगुरू सुरुवातीलाच आईवडिलांना विचारतात, बाळाचे नाव काय ठेवणार? मग त्या नावाने त्याच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पांढरे वस्त्र देतात आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून त्याची छोटी मेणबत्ती पेटवतात. पेंटेकोस्टल मंडळ्यांत विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसालाच पाण्यात बुडवतात. कॅथलिक अंत्यविधीत तीच पास्काची मेणबत्ती शवपेटीजवळ जळत असते, आणि पेटीवर पुन्हा पाणी शिंपडले जाते.