‘स्वच्छ, थंड पाणी’ आणि खारपाणपट्ट्यातली मोटार

बोरसाठी सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, घेताना दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, ‘आयएसआय आहे ना?’ हा छाप १९५२ च्या कायद्यातून आला. तो देणाऱ्या संस्थेची जागा १९८७ साली नव्या संस्थेने घेतली, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. वस्तू मोडेपर्यंत तपासायची रीत त्याहून बरीच जुनी. जर्मनीत १८५०-६० च्या दशकांत रेल्वेच्या चाकांचे आस चालता चालता तुटत, तेव्हा एका अभियंत्याने ते लाखो वेळा वाकवून पाहिले होते. छापासाठी पंप तपासतात तो वेगळ्या अंगाने: किती उंचीवर किती पाणी, वीज किती खातो, मोटार किती तापते. किती वर्षे चालेल, हा प्रश्न त्यात नसतो.

ही तपासणी ‘स्वच्छ, थंड पाण्यावर’ करायची असते, आणि खरी गुंतागुंत याच शब्दांत आहे. छापामागच्या मानकाने त्यांची व्याख्याच केली आहे: गढूळपणा ५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५० भाग), क्लोराइड ५०० पर्यंत, तापमान फार तर ३३ अंश. सगळ्या पंपांना सारखे पाणी दिल्याशिवाय तुलना व्हायची कशी, असे कंपन्यांकडची माणसे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण तेच शब्द पुढे हमीपत्रात उतरले आणि चाचणीची अट वापराची अट होऊन बसली. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला, पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातला शेतकरी हे पाणी आणणार कुठून? तिथे पाणी खारे आणि गाळाच्या थरातली बारीक रेती. पाणी ढकलणारे चक्र (इंपेलर) झिजते, दांडा धरणारे बुश ढिले होतात, धार बारीक होते. कप्पी लावून, चार माणसे बोलावून मोटार वर काढावी, तर सर्व्हिसवाला रेती चोळून पाहतो आणि म्हणतो, ‘हे हमीत बसत नाही.’

व्होल्टेजच्या बाबतीत मानक थोडे उदार. शेतीपंपाच्या मोटारीने ४१५ व्होल्टच्या खाली १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्टपर्यंत काम द्यावे, अशी अपेक्षा आहे. पण मोटारीचा फिरवण्याचा जोर (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे तेवढ्यातच २८ टक्के जोर जातो. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या वावरात तीनपैकी एखादा फेज उडाला, तर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

२०१९ च्या पीएम-कुसुम या केंद्रीय योजनेनंतर सौरपंप वाढले आणि पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराच्या गळ्यात आली. वीज तारेवरची नसल्याने व्होल्टेजचा वाद त्यातून बराचसा सुटला. या पंपांची तपासणी दिवसभराच्या उन्हात किती लिटर पाणी निघते यावर होते. पाणी मात्र प्रयोगशाळेच्या टाकीतले.