डम्प घेताना टेप ड्राइव्ह काय सांगत असे

1952 मध्ये आयबीएमच्या 701 या संगणकासोबत 726 ही टेप ड्राइव्ह आली. त्यानंतर जवळपास तीन दशकं ड्राइव्हवर फक्त तिचा क्रमांक आणि मोजके दिवे असत. कोणतं रीळ कुठे लावायचं हे कन्सोलवर, म्हणजे ऑपरेटर जिथून सिस्टीमशी बोले तिथे, छापून येई. ऑपरेटर ते वाचून मांडणीकडे जाई, रीळ काढून ड्राइव्हपाशी येई, आणि एवढ्या वाटेत व्हॉल्यूमचं, म्हणजे त्या रिळाचं, नाव त्याला डोक्यात ठेवावं लागे.

1984 मध्ये आयबीएमची 3480 ही टेप ड्राइव्ह आली. 18 ट्रॅक, 200 एमबीचं चौकोनी कार्ट्रिज याबद्दल खूप लिहिलं गेलं. माझ्या मते तिच्या अंगावरची आठ अक्षरांची पट्टी तितकीच महत्त्वाची होती. 'लोड डिस्प्ले' या चॅनेल आदेशाने, म्हणजे संगणकाने ड्राइव्हला धाडलेल्या आज्ञेने, तिला 17 बाइट जात: एक नियंत्रणाचा आणि आठ-आठ अक्षरांच्या दोन संदेशांचे सोळा. संदेश स्थिर ठेवायचा, लुकलुकवायचा की दोन्ही आलटून पालटून दाखवायचे, हे त्या पहिल्या बाइटवर ठरे. व्हॉल्यूमचं नाव सहा अक्षरांचं, त्यामुळे पुढे 'एम' म्हणजे लावा किंवा 'डी' म्हणजे काढा, एवढ्याला जागा पुरे.

या पट्टीचं मोल स्टँड-अलोन डम्पच्या वेळी, म्हणजे अडकलेल्या सिस्टीमची मेमरी तिच्या मदतीविना टेपवर उतरवून घेताना, कळे. ऑपरेटिंग सिस्टीम पार अडकली की आधी प्रोसेसरची स्थिती जतन करायची, मग तिच्या जागी डम्पचा छोटा प्रोग्रॅम आयपीएल करायचा, म्हणजे त्याच्यापासून यंत्र सुरू करायचं. तो आधी प्रत्यक्ष मेमरी टेपवर उतरवतो, मग पेजिंगमध्ये बाहेर, म्हणजे डिस्कसारख्या साठ्यावर, गेलेली मेमरीची पानं. अशा वेळी एरवीची टेप-व्यवस्था मेलेली असते, व्हॉल्यूमची नोंद ठेवणारं कुणी नसतं आणि सिस्टीम लवकर उभी करा म्हणून घाई चाललेली असते. कन्सोल असेल तर डम्प प्रोग्रॅम टेपचं लेबल दाखवून ती वापरू की काढू असं विचारतो, पण गरज पडल्यास तो कन्सोलविनाही, आधी ठरवलेल्या उपकरणावर, चालवता येतो. म्हणून तो स्वतःच ड्राइव्हला 'लोड डिस्प्ले' पाठवी आणि पट्टीवर 'एम' लागलेलं 'एसएडीएमपी' (स्टँड-अलोन डम्पचं छोटं नाव) उमटे: नवं कार्ट्रिज लावा. चुकीचं कार्ट्रिज लागलं तर कुणाचा तरी चालू डेटा पुसला जाण्याची भीती होती, म्हणून हा संदेश हाताशीच असणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

मेमरी वाढत गेली तशी कार्ट्रिजंही वाढली. 24 बिटांच्या पत्त्यांत 16 एमबी मावत. 1983 च्या एमव्हीएस/एक्सए या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टीमने 2 जीबीपर्यंतचे पत्ते दिले, आणि तेवढी भरलेली मेमरी 3480 च्या कार्ट्रिजवर कॉम्प्रेस न करता उतरवायची तर दहाहून जास्त लागत. म्हणजे एकाच डम्पमध्ये पट्टीकडे कितीदा तरी पाहावं लागणार.

मग स्टोरेजटेक आणि आयबीएमच्या टेप-लायब्ररींत यांत्रिक हात कार्ट्रिजं लावू लागले. पुढे आभासी टेप आल्या, ज्या सिस्टीमला 3490ई (3480 नंतरची) ड्राइव्ह वाटतात, पण ज्यांच्यापुढे उभं राहून वाचायला पट्टीच नसते. 2000 मध्ये आयबीएमच्या या मोठ्या संगणकांची 64 बिटांची झेड आर्किटेक्चर आली, मेमरी आणखी फुगली आणि स्टँड-अलोन डम्प एकाच वेळी अनेक डिस्क व्हॉल्यूमवर लिहिण्याकडे कल गेला. तिथे डम्पची जागा आधीच तयार करून ठेवलेली असते, त्यामुळे मधेच कुणाला काही लावायला सांगावं लागत नाही.