आई-बाबांसोबत लंडन : नातेवाईक येण्याआधी वाचून ठेवायचं माहितीपत्रक

(इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

लंडनमध्ये काय काय दाखवायचं याची यादी करायला बसलं की ती वीस ठिकाणांवर जाते. मग पहिल्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आई एखाद्या बाकावर बसते आणि म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते." पाय दुखत असतातच, शिवाय सकाळपासून बाथरूमला जायचं राहिलेलं असतं आणि ते चारचौघांत बोलायचं कसं, हाही प्रश्न असतो. म्हणून आम्ही दिवस आखतो तो गटातल्या सर्वांत दुखऱ्या गुडघ्याच्या हिशोबाने. दिवसाला दोन मुख्य ठिकाणं आणि मधे एक निवांत जेवण. तिसरं ठिकाण जमलं तर जमलं.

विमानात बसण्याआधी

मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी आणि साजूक तूप पुण्यातच राहू द्या. कढीपत्ता किंवा हापूसची पेटी आणण्याआधी सध्याचे नियम तपासा; बऱ्याच ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची कोरडी चटणी, बाकरवडी खुशाल आणा.

औषधं हातातल्या बॅगेत आणि चिठ्ठीसकट. त्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. क्रोसिन किंवा डोलो म्हटलं तर इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाही, पॅरासिटामॉल म्हटलं की लगेच मिळतं. प्रवास-विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी काहीही लपवू नका. इंग्लंडमध्ये ए अँड ई विभागातले तातडीचे उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात, पण रुग्णाला दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं आणि ते एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) ठरलेल्या दराच्या १५० टक्के असतं. लपवलेल्या आजारावर विमा कंपनी हात वर करते आणि बिल तुमच्या दारात येतं.

बूट नवे घ्यायचे असतील तर निघण्याआधी किमान तीन आठवडे, आणि ते रोज घालून फिरायचं. नव्या बुटांनी फोड आले की पुढचे चार दिवस घरातच जातात.

भारतापेक्षा लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस मंडळी पहाटे तीनलाच उठून चहा मागतात आणि संध्याकाळी पाचला पेंगायला लागतात. या दिवसांत संध्याकाळचं नाटक किंवा रात्रीची बोट ठेवू नका, पैसे वाया जातात. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठवड्याभराने निवांत संध्याकाळी फिरता येतं. डिसेंबरात मात्र चारच्या आधीच अंधार पडतो. तेव्हा बाहेरचं सगळं सकाळी उरका आणि दुपारी संग्रहालय ठेवा.

एक माणूस, एक कार्ड

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) स्टेशनात मुलगा आपलं बँकेचं कार्ड लावून फाटकातून आत जातो, तेच कार्ड मागे वळून बाबांच्या हातात देतो आणि फाटक उघडत नाही. मागे रांग तुंबते, बाबा कानकोंडे होतात. एका प्रवासात एका कार्डावर एकच माणूस जाऊ शकतो.

यावर सोपा उपाय असा : फोनमध्ये भरलेलं कार्ड आणि तेच प्लास्टिकचं कार्ड यांना यंत्रणा दोन वेगळी कार्डं समजते. म्हणजे प्लास्टिकचं कार्ड बाबांना द्या आणि स्वतः फोन वापरा. घड्याळात कार्ड असेल तर तेही तिसरं धरलं जातं. मात्र दिवसभर ज्याचं त्याने तेच वापरायचं. सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लास्टिक असं केलं की प्रवास अर्धवट राहिल्याची नोंद होते आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर त्यावरचे परदेशी व्यवहार आणि टॅपची सोय निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या. नव्या कार्डांवर ती बंदच असते.

ट्यूबमध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा टॅप. बसमध्ये फक्त चढताना. ग्रिनिचकडे जाणाऱ्या डीएलआर या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर फाटकच नसतं, पिवळ्या गोलाचं यंत्र नुसतं खांबावर असतं. ते दिसत नाही, टॅप राहतो आणि भुर्दंड बसतो. बसच्या पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी, तिसरी बस घेतली तर तिचे पैसे पडत नाहीत. बसमध्ये रोख चालत नाही. ११ वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट, आणि ट्यूबमध्ये तिकीट काढलेल्या एका मोठ्या माणसाबरोबर अशी चार मुलं फुकट. साठीच्या पुढच्यांचा फुकट पास लंडनच्या रहिवाशांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात ट्यूबचं भाडं जास्त आणि गर्दी बेसुमार. या वेळात ज्येष्ठांना घेऊन ट्यूबमध्ये शिरूच नका.

जिने

ट्यूबच्या नकाशावर निळ्या गोलात पांढरी व्हीलचेअर दिसली तर रस्त्यापासून थेट गाडीत शिरेपर्यंत एकही पायरी नाही. पांढऱ्या गोलात निळी व्हीलचेअर असेल तर फलाटापर्यंत पायरी नाही, पण गाडी आणि फलाट यांच्यात उंचीचा फरक किंवा फट असू शकते. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. वेस्टमिन्स्टर, ग्रीन पार्क, किंग्ज क्रॉस, टॉवर हिल ही स्टेशनं सोयीची आहेत. एलिझाबेथ लाइनची सगळी स्टेशनं पायऱ्यांशिवाय आहेत. कोव्हेंट गार्डनला सरकते जिने नाहीत. लिफ्टची रांग मोठी दिसली म्हणून कुणी उत्साहाने जिन्याकडे वळलं तर १९३ पायऱ्या गोल गोल चढाव्या लागतात. तिथे लेस्टर स्क्वेअरहून चालत जाणं बरं.

"प्लीज ऑफर मी अ सीट" असं लिहिलेला बिल्ला वाहतूक खातं मोफत देतं, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. आधीच मागवून ठेवा. आजी कुणाला "उठा" म्हणणार नाहीत. बिल्ला पाहून लोक आपणहून उठतात.

पाच जण असाल आणि अंतर कमी असेल तर काळी टॅक्सी वाटते तितकी महाग पडत नाही. पाच जण बसतात, कार्ड चालतं, व्हीलचेअरही आत जाते. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची स्वच्छतागृहं २०१९ पासून मोफत आहेत, ट्यूबच्या बहुतेक स्टेशनांवर ती नाहीतच. मोठी सरकारी संग्रहालयं मोफत असल्याने तिथलं स्वच्छतागृह वापरायला नुसतं आत शिरलं तरी चालतं. कुणी काही विचारत नाही.

टॉवर आणि कोहिनूर

टॉवर ऑफ लंडनला शक्यतो उघडण्याच्या वेळेलाच पोचा आणि बाकी सगळं सोडून आधी ज्युएल हाउस (राजमुकुट ठेवलेली इमारत) गाठा. अकरानंतर तिथली रांग वाढतच जाते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहून पुढे सरकायचं. वेळ थोडा मिळतो, म्हणून काय पाहायचं ते आधीच सांगून ठेवा. राजदंडातला भलामोठा हिरा पाहून जवळपास प्रत्येक जण "हाच कोहिनूर" म्हणतो. तो कलिनन, ५३० कॅरटचा, दक्षिण आफ्रिकेतला. कोहिनूर त्याच्यापुढे लहान आहे, सुमारे १०५ कॅरट, आणि तो १९३७ साली राणी एलिझाबेथ (दुसऱ्या एलिझाबेथची आई) यांच्यासाठी केलेल्या मुकुटात समोरच्या क्रॉसमध्ये बसवलेला आहे. आत फोटो काढायला मनाई आहे. आवारात दगडी फरसबंदी आहे, काठी असेल तर जपून. व्हाइट टॉवरमध्ये अरुंद गोल जिने आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांना बाहेर बाकावर बसून कावळे बघू द्या, तेही टॉवरचं आकर्षणच आहे. ६५ वर्षांवरच्यांना सवलतीचं तिकीट मिळतं, वयाचा पुरावा जवळ ठेवा.

परतताना १५ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरा. सेंट पॉल्स आणि फ्लीट स्ट्रीटवरून ती ट्रॅफल्गार स्क्वेअरला आणते. पर्यटकांच्या उघड्या बसचे पैसे वाचतात, आणि पाऊस आला तरी डोक्यावर छप्पर असतं. उंचावरून शहर पाहायचं असेल तर लंडन आयच्या आधी स्काय गार्डनचा विचार करा. ते मोफत आहे, पण वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि चांगल्या वेळा लगेच संपतात.

आमचा आवडता दिवस : टिळकांच्या घरापासून आंबेडकरांच्या घरापर्यंत

मराठी पाहुण्यांसाठी आम्ही हाच दिवस सर्वांत आधी सुचवतो. चालणं कमी, बोट आहे, बाग आहे, आणि आई-बाबांना ओळखीची नावं भेटतात.

सकाळी दहानंतर एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टन. स्टेशनवरच सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा, कारण पुढे बोटीत ते नाही. कालव्याच्या बाजूच्या दाराने बाहेर पडून पाण्याच्या कडेने सपाट वाटेने साधारण दहा मिनिटांत लिटल व्हेनिस येतं. तिथून जवळच १० हाउली प्लेस. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी लोकमान्य लंडनला आले, तेव्हा १९१८-१९ मध्ये ते या घरात राहिले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. घर खाजगी आहे. समोरच्या फुटपाथवरून फोटो काढा, पायऱ्यांवर बसू नका, घंटी वाजवू नका.

मग लिटल व्हेनिसहून कॅम्डनला जाणारी लांबट, अरुंद बोट. पाऊण तासाच्या आसपास. बोगद्यातून आणि रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या कडेने ती जाते. बोटीत उतरताना दोन-तीन उंच पायऱ्या आहेत आणि दार बुटकं आहे. आधी एक जण खाली उतरून हात द्यायला उभा राहावा, मग ज्येष्ठांनी पाठमोरं उतरावं. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात, वेळ आदल्या दिवशी पाहा. गुडघ्यांना ही बोट झेपणार नसेल तर हा टप्पा टॅक्सीने करा.

कॅम्डनच्या बाजारात शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून हा दिवस मंगळवार ते गुरुवारात ठेवा. जेवण उरकून चॉक फार्म स्टेशनच्या बाजूने रेल्वेवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड लागतो. घर क्रमांक १०. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं. आता ते स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा जाण्याआधी तपासा. गल्ली निवासी आणि शांत आहे. मोठ्या गटाने फुटपाथ अडवून घोषणा देण्यापेक्षा आत जाऊन वेळ द्या. घर अनेक मजली आहे, ज्यांना जिने नकोत त्यांनी तळमजल्यावर बसावं.

प्रिमरोझ हिल इथून जवळ आहे. चढ छोटा आहे पण सलग आहे. बाबांना धाप लागत असेल तर अर्ध्यातल्या बाकापर्यंतच. तिथूनही शहर दिसतं. मग कॅम्डनहून २४ नंबरची बस. ती हॅम्पस्टेड रोडवरून ट्रॅफल्गार स्क्वेअरकडे जाते. युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उतरलात तर शाकाहारी दक्षिण भारतीय आणि भेळपुरीची हॉटेलं समोरच आहेत.

शाकाहारी म्हणजे नेमकं काय

इथे "व्हेजिटेरियन" लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. आजी अंडं खात नसतील तर "व्हीगन" असं लिहिलेलं पाहा. पार्मेजान चीज वासराच्या रेनेटचं असतं, जेली आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं. चिप्स म्हणजे बटाटाच, पण बऱ्याचदा मासे तळलेल्या तेलातच ते तळले जातात आणि काही दुकानांत ते तेल नसून गाईची चरबी असते. नक्की विचारा. उपवास असेल तर भाजलेला जॅकेट पोटॅटो वर काही न घालता मिळतो. सैंधव घरून न्या. उद्यानात बसून डबा खायला कुणाची हरकत नसते, आणि दशमी-चटणीसारखं लंडनच्या हिरवळीवर दुसरं काही चविष्ट लागत नाही, हे आमचं ठाम मत.

निस्डेनचं स्वामिनारायण मंदिर (१९९५) पाहायचं असेल तर गुडघ्यावरचे कपडे नकोत, आत फोटो नाही, बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात. समोरच शाकाहारी भोजनालय आहे, त्यामुळे सकाळचं दर्शन आणि दुपारचं जेवण एकाच फेरीत होतं.

नोंदणी करताना आम्हाला हे कळवा

प्रत्येकाचं वय. सलग किती मिनिटं चालवतं आणि किती पायऱ्या चढवतात, हे अंदाजे नको. घरी एकदा जिना चढायला लावून बघा, कारण बाबा फोनवर "मला काही होत नाही" असंच सांगतात. इन्शुलिन किंवा जेवणाआधीच्या गोळीची वेळ. कोण कांदा-लसूण खात नाही, कोणाचा गुरुवार आहे. व्हीलचेअर लागेल का, आणि ती घडी होणारी आहे का. हे सगळं किमान पाच दिवस आधी मिळालं तर बोट आणि टॉवरच्या वेळा त्यानुसार धरता येतात. बोटीची आणि टॉवरची तिकिटं एकदा काढली की बहुधा परत होत नाहीत, तेव्हा कुणाला बरं नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत सांगा. उरलेला कार्यक्रम आम्ही जवळच्या बागेत किंवा संग्रहालयात हलवतो.