चार तळव्यांएवढी पकड

चैत्र लागला की आमच्याकडच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याचं, आवार ओस पडतं. हंगाम सरलेला, कापसाच्या गाड्यांच्या रांगा गेलेल्या, आणि कापूस ओतायचा तो काँक्रीटचा ओटा सकाळच्या उन्हात मोकळा. मालकांची परवानगी घेऊन आम्ही तिथं चार घरच्या मोटारगाड्या नेल्या, खराट्यानं वाळूची बारीक कच झाडली आणि रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादल्या अंतरा-अंतरावर मांडल्या. बादल्यांमधून नागमोडी जायचं, टोकाला वळसा घालायचा, परत यायचं. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. शंकरपटात जोडी सुटली की सेकंदाचे भाग मोजतात, तसंच. मोटारींच्या जगात याला ऑटोक्रॉस म्हणतात. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.

शेजारचा पोट्टा म्हणाला, "काका, चाळीसच्या स्पीडमध्ये काय शिकायचं? एवढी तर पांदणीतही चालवतो."

त्याला मी जमिनीवर खडूनं आकडेमोड करून दाखवली. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. वळणात टायरवर पडणारी मागणी वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येनं भागलं की निघते. आमचा वळसा 15 मीटर त्रिज्येचा. 100 भागिले 15 म्हणजे सुमारे 6.7, आणि गुरुत्वाच्या 9.8 शी ताडलं की 68 टक्के: तिथं 36 ला गाडी वळवायची तर टायरांना जमिनीकडून गाडीच्या वजनाच्या सुमारे 68 टक्के इतकं आडवं बल मिळवावं लागतं. नेमकं तेवढंच बल ताशी 100 च्या वेगानं सुमारे 115 मीटर त्रिज्येच्या वळणावर लागतं. म्हणजे टायरच्या लेखी ही दोन्ही वळणं सारखीच. फरक एवढाच, की हायवेवर चुकलं तर गाडी झाडावर जाते आणि इथं बादली आडवी होते.

मग वेग फक्त 4 नं वाढवला. 40 ला तीच मागणी 84 टक्क्यांवर जाते, कारण वेगाचा वर्ग होतो. कोरड्या, झाडलेल्या काँक्रीटवर घरच्या गाडीचे टायर साधारण गाडीच्या वजनाच्या 80 ते 90 टक्क्यांपर्यंतच आडवी पकड देतात. 36 ला मुकाट वळलेली गाडी 40 ला नाक सरळ काढून बाहेर जायला लागली. त्याआधी दोन खुणा मिळतात, आणि त्या ओळखायला शिकणं हेच मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. टायर कण्हल्यासारखा आवाज करतो आणि हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं होतं. अशा वेळी कोणीही स्टिअरिंग आणखी पिळतो. त्यानं काही साधत नाही, पुढची चाकं आधीच घसरत असतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल करायचा, स्टिअरिंग किंचित परत सोडायचं. चाकं पुन्हा जमीन धरतात.

जमीन धरणारा भाग तरी केवढा? प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा तुकडा रस्त्याला टेकलेला असतो. ब्रेक, वळणं, वेग घेणं, सगळं या चार तळव्यांच्या जिवावर. वुनिबाल्ड काम (Kamm) या जर्मन इंजिनिअरच्या नावानं ओळखलं जाणारं एक वर्तुळ आहे, ते हा हिशोब सांगतं. पकड एकच, ती ब्रेक आणि वळणात वाटून घ्यायची, पण वाटणी साध्या बेरजेची नाही, काटकोन त्रिकोणाची. पकडीचे 80 टक्के वळणात गेले तर ब्रेकला 20 नव्हे, 60 टक्के उरतात, कारण 80 चा वर्ग अधिक 60 चा वर्ग म्हणजे शंभरचा वर्ग. शंभर टक्के वळणात गेले तर मात्र ब्रेकला काहीच उरत नाही. ब्रेकमधली एबीएस यंत्रणा चाकं जाम होऊ देत नाही, पकड वाढवत नाही.

आमच्या भागात हे फार जवळचं आहे. दिवेलागणीला पऱ्हाटीतून रोही (नीलगाय) थेट रस्त्यावर उडी घेतो. माणूस घाबरून त्याच क्षणी कचकन ब्रेक दाबतो आणि स्टिअरिंगही झटक्यात फिरवतो. दोन्हीकडून पूर्ण मागणी आली की टायर दोन्ही कामं अर्धवट सोडतो. आधी सरळ रेषेत जोरात ब्रेक, वेग उतरला की ब्रेक सैल करत वळण, हा क्रम पायाला बादल्यांमध्येच मुरवता येतो.

वजनाचा खेळही तिथंच कळतो. 900 किलोची गाडी, दोन्ही बाजूंना 450. आमच्या वळशात 36 ला सुमारे 240 किलो आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतात: आत 210, बाहेर 690. आणि रबराचा स्वभाव असा, की दुप्पट वजन टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमी भरते. बाहेरची चाकं जेवढं कमावतात त्याहून जास्त आतली गमावतात. कॅरिअरवर पोती लादलेली गाडी वळणात का बेभरवशाची होते, त्याचं उत्तर या तोट्यात आहे.

टायर किती मुडपतो तेही डोळ्यांनी दिसतं. टायरच्या खांद्यावर, तळापासून कडेपर्यंत, खडूची रेघ मारायची आणि एक फेरी काढायची. आमच्या गाडीची रेघ पार कडेच्या अक्षरांपर्यंत पुसली गेली होती. टायर कुशीवर लोळत होता. हवा 29 पीएसआयवरून (हे हवेच्या दाबाचं माप) 33 केली, तेव्हा रेघ खांद्यापर्यंतच पुसली गेली. उन्हात आणि फेऱ्यांनी टायर तापतो, दर 10 अंशांना हवा सुमारे दीड पीएसआयनं चढते, म्हणून मधेमधे मोजावी लागते. घरी निघताना ती दारावरच्या स्टिकरप्रमाणे परत करायची.

एकदा सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलपाशी आली, तेव्हापासून गाडी पायपुसण्यांसकट रिकामी करूनच सोडतो. हेल्मेट आणि बेल्ट तर हवेतच. सार्वजनिक रस्त्यावर मात्र हे करू नये: शासनाच्या लेखी संमतीशिवाय तिथं शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. विमाही शर्यतीतलं नुकसान सहसा भरून देत नाही, आवार खाजगी असलं तरी.

आता मृगाची वाट बघतोय. पहिल्या पावसानंतर त्याच ओल्या ओट्यावर, त्याच 15 मीटरच्या वळशाला, गाडी कुठं सुटते ते पाहायचं आहे. माझा हिशोब 32 सांगतो. पोट्टा म्हणतो 35.