मणक्यातली गादी सरकली का? आधी पाय उचलून बघतात

नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर हमखास ऐकू येतं, "एमआरआय काढल्याशिवाय गादी सरकल्याचं कळतच नाही." हे खरं नाही. डॉक्टर आधी उताणं झोपवतात, टाचेखाली हात घालून गुडघा न वाकवता पाय हळूहळू उचलतात. साधारण 30 ते 70 अंशांत कळ गुडघ्याखाली, पार पावलापर्यंत उतरली तर नस दबल्याचा संशय बळावतो. नुसती मांडी मागून ताणली, तर ते धरत नाहीत. मग पायाचा अंगठा वर ओढायला लावतात, चवड्यांवर चालवतात, टाचेमागे हातोडी मारतात. कोणती नस, याचा अंदाज इथेच येतो. उलट, काहीच दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते. नुसत्या फिल्मवरून घाबरू नका हो! मात्र लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर लगेच दवाखाना गाठा. तेव्हा एमआरआय तातडीनं लागतोच.