कॅरव्हॅनची अंतर्गत मांडणी

मोटारीमागे जोडून ओढत नेण्याच्या चाकांवरच्या घरात पलंग, बैठक, ओटा, न्हाणीघर आणि कपाटे कुठे बसवली आहेत, त्या रचनेला कॅरव्हॅनची मांडणी किंवा लेआउट म्हणतात. ही नोंद ब्रिटनमधल्या टूरिंग कॅरव्हॅनपुरती आहे. स्वतःचे इंजिन असलेल्या मोटरहोमचे आणि एकाच जागी ठेवलेल्या स्टॅटिक कॅरव्हॅनचे हिशेब वेगळे असतात. विक्रेते कॅरव्हॅनची ओळख ‘दोन बर्थ’, ‘चार बर्थ’, ‘सहा बर्थ’ अशी करून देतात. निवडणाऱ्याला हा आकडा फारसा उपयोगी नाही. चार बर्थच्या एका कॅरव्हॅनमध्ये रात्री काहीच हलवावे लागत नाही. दुसरीत टेबल काढून, फळ्या ओढून, गाद्या फिरवून दोन पलंग तयार करावे लागतात आणि सकाळी तेच मोडावे लागतात. म्हणून आधी ठरवायचे ते हे की, रोज काय मोडून पुन्हा मांडायची आपली तयारी आहे आणि काय कायम मांडलेलेच हवे. बाकीचे बरेचसे निर्णय याच्या मागून येतात.

केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्या ‘वाँडरर’चे नाव घेतले जाते. ती १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यात तयार झाली आणि तिला घोडे जुंपावे लागत. कॅरव्हॅन क्लबची स्थापना १९०७ ची. मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हॅनचा धंदा पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून एकल्स कंपनीने सुरू केला. त्यानंतर कित्येक दशके ब्रिटिश मांडणीचे वळण एकच राहिले. पुढच्या टोकाला समोरासमोर दोन लांब सोफे, मध्ये ओटा, मागे न्हाणीघर किंवा जेवणाचे मेज. रात्री सोफ्यांचेच पलंग. कायम पलंगाची आवड ब्रिटनमध्ये युरोपातल्या, विशेषतः जर्मन बांधणीच्या कॅरव्हॅनमधून आली.

आधी वजन, मग मांडणी

मांडणी आवडण्याआधी गाडी किती ओढू शकते ते पाहावे. ब्रिटिश नोंदणीपत्र व्ही-५-सी यातल्या ‘जी’ रकान्यात गाडीचे चालू स्थितीतले वजन असते. नवख्या चालकाने या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच कॅरव्हॅन ओढावी असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो कायदा नाही; गाडीच्या उत्पादकाने दिलेली ओढण्याची मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. १,६०० किलोच्या गाडीला सल्ल्यानुसार १,३६० किलोची कॅरव्हॅन चालते. हे कमाल भारित वजन झाले. रिकाम्या कॅरव्हॅनचे वजन १,२१० किलो असेल, तर उरलेले १५० किलो म्हणजे पेलोड, सामान भरण्याची मुभा.

हे १५० किलो फार लवकर संपतात. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे २५ किलोची असते. ती काही उत्पादक रिकाम्या वजनात धरतात, काही धरत नाहीत. कॅरव्हॅन जागेवर सरकवणाऱ्या मोटर मूव्हरचे साधारण ३० किलो, दाराबाहेर लावायच्या तंबूचे म्हणजे ऑनिंगचे २० ते २५ किलो. चौघांचे कपडे, अंथरूण, भांडी, खुर्च्या आणि किराणा यांसाठी ७० किलो उरतात. जास्त बर्थ घेतल्या की जास्त माणसे येतात, पण पेलोड त्या प्रमाणात वाढत नाही. सहा बर्थची कॅरव्हॅन घेऊन चौघांनीच जाणे हा यावरचा सरधोपट आणि बऱ्यापैकी शहाणा उपाय आहे.

साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीमागे ओढायच्या कॅरव्हॅनच्या मुख्य भागाची लांबी, जोडदांडा सोडून, ७ मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही आणि रुंदी २.५५ मीटरपेक्षा. प्रत्यक्षात ब्रिटिश कॅरव्हॅन बहुधा २.३ मीटर किंवा, मोठ्या प्रकारात, २.४५ मीटर रुंद असते. हा पंधरा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. आत आडवा पलंग टाकायचा असेल तर सगळे त्यावर अडते.

पलंग

सर्वांत कमी लांबीत सर्वांत जास्त देणारी रचना अजूनही जुनीच, समोरासमोरच्या दोन सोफ्यांची. सोफे साधारण १.६ ते १.९ मीटर लांब असतात. दोघांना वेगवेगळे झोपायचे असेल तर सोफा आपल्या उंचीपेक्षा लांब हवा. पावणेसहा फुटी माणसाला १.६ मीटरचा सोफा पुरत नाही. तसे असल्यास मधल्या खणातून फळ्या ओढून आडवा मोठा पलंग करतात. तो प्रशस्त असतो, पण गाद्यांचे सांधे पाठीला टोचतात. त्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाडीची वरगादी टाकली की त्रास कमी होतो. मग ती वरगादी दिवसा ठेवायची कुठे, हा नवा प्रश्न.

फ्रेंच बेड म्हणजे एका कोपऱ्यात भिंतीला लावलेला, पायाकडचा एक कोन कापलेला कायम पलंग. शेजारच्या कोपऱ्यात न्हाणीघर बसते, त्यामुळे लांबी वाचते. भिंतीकडे झोपणाऱ्याला मात्र रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडून यावे लागते, आणि कापलेल्या बाजूला उंच माणसाचे पाय बाहेर येतात. भिंतीला टेकलेल्या गादीखाली ओल धरण्याचे प्रमाणही इथे जास्त. गादीखाली पट्ट्या हव्यात, सलग फळी नको.

तीन बाजूंनी मोकळा असलेला आयलंड बेड आज सर्वाधिक मागणीचा आहे. तो लांबीच्या दिशेने मागच्या टोकाला असेल तर हिशेब सोपा आहे: २.३ मीटर रुंद कॅरव्हॅनच्या आत सुमारे २.१७ मीटर मिळतात, पलंगाचे १.३५ गेले की दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४१ सेंटिमीटर. आडवे वळून जाता येते. पलंग आडवा ठेवून मागे पूर्ण रुंदीचे न्हाणीघर काढले, तर १.९ मीटरच्या पलंगापुढे फक्त २७ सेंटिमीटर वाट उरते. म्हणून असे पलंग दिवसा आत सरकवायचे असतात. डोक्याकडची गादी उभी होते आणि वाट रुंदावते. २.४५ मीटर रुंदीत तीच वाट ४२ सेंटिमीटरची होते, आणि पलंग न सरकवताही निभावते. वाटेत थांबून शौचालय वापरायचे असेल तर पलंग सरकवलेल्या स्थितीत प्रवास करावा. दुकानात पलंग नेहमी अंथरलेला आणि उशांनी भरलेला असतो. त्या उशा बाजूला करून पलंग सरकवून पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

दोन स्वतंत्र एकेरी पलंग, मध्ये वाट आणि मागे न्हाणीघर ही रचना उतारवयातल्या जोडप्यांना सर्वांत सोयीची. कुणालाही न उठवता दोघेही उतरू शकतात. प्रत्येक पलंग सुमारे ७० सेंटिमीटर रुंद असतो. खांद्याने रुंद माणसाने तो झोपून पाहावाच.

लहान मुलांच्या कुटुंबात खरा पेच जागेचा नसून वेळेचा आहे. मुलांना पुढच्या सोफ्यांवर झोपवायचे ठरवले, तर आठ वाजता ती झोपली की आईवडिलांना बसायला जागा उरत नाही. पाऊस नसेल तर ऑनिंगमध्ये, असेल तर पलंगावर. हेच मागच्या टोकाला दुमजली बंक असतील आणि शेजारी लहान मेज असेल, तर पुढची बैठक संध्याकाळभर मोकळी राहते. बंक साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतात आणि प्रत्येकावर किती वजन चालते ते लिहिलेले असते. मुले पौगंडावस्थेत आली की बंक तोकडे पडतात. दहा वर्षे वापरायची कॅरव्हॅन घेताना मुलांचे आजचे वय धरू नये.

वजन कुठे बसते

मांडणीचा रस्त्यावरच्या वागणुकीशी थेट संबंध आहे. जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि जमिनीलगत असाव्यात. दोन्ही टोकांना भार असलेली कावड एकदा हेलकावू लागली की आवरत नाही. टोकांना जड असलेल्या कॅरव्हॅनचेही तसेच होते, आणि मागे ती सापासारखी वळवळू लागते. शेगडी, ओव्हन, फ्रिज असा ओटा मागच्या टोकाला असलेली मांडणी बसायला-वावरायला छान, पण सगळे डबे आणि भांडीही मागेच जातात. प्रवासात ती काढून आसावरच्या कपाटात ठेवावी लागतात. बंक असलेल्या कॅरव्हॅनमध्ये सायकली, खुर्च्या आणि ऑनिंग खालच्या बंकवर फेकून देण्याचा मोह होतो, परिणाम तोच.

जोडाच्या गोळ्यावर पडणारा उभा भार, म्हणजे नोजवेट, भारित वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. १,३६० किलोला हे ६८ ते ९५ किलो होतात. अनेक गाड्यांची मर्यादा ७५ किलो असते, तेव्हा वरचा आकडा वापरता येत नाही. ज्या मांडणीत गॅसच्या टाक्या, बॅटरी आणि पुढच्या सोफ्याखालचे सामान सगळे पुढेच आहे, तिथे हा भार सहज वाढतो. मग तो कमी करायला सामान मागच्या टोकाला नेले जाते आणि एका चुकीवर दुसरी चढते. बाहेर न काढता येणारी पाण्याची टाकी असेल तर ती कुठे आहे ते विचारावे. एक लिटर म्हणजे एक किलो.

एका आसाची कॅरव्हॅन हाताने वळवता येते. दोन आसांची रस्त्यावर स्थिर चालते, पण तिला जागेवर फिरवणे मूव्हरशिवाय कठीण, टायर चार, आणि युरोपातल्या काही कॅम्पस्थळांवर तिला प्रवेशच नसतो. ब्रिटनमध्ये चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणसांनी बसण्यास बंदी आहे, तेव्हा बर्थ कितीही असोत, गाडीत जितके पट्टे तितकीच माणसे.

ओटा आणि न्हाणीघर

ब्रिटिश कॅटलॉगमधला ओटा चहा, टोस्ट आणि एक भांडे गरम करणे एवढे गृहीत धरतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पोळपाट ठेवायला किमान ४५ सेंटिमीटर सलग जागा लागते. शेगडीवरची काच झाकली की ओटा वाढतो, पण तेव्हा तवा ठेवता येत नाही. म्हणून उघडून ठेवता येणारी जोड-फळी आहे का आणि ती दाराची वाट अडवते का, हे पाहावे. मोठा कुकर आणि तवा शेजारी शेजारी बसतात का, तेही भांडी नेऊन पाहण्यासारखे आहे. फोडणीचा वास सोफ्याच्या कापडात मुरतो. शेगडी बैठकीला लागून असलेल्या मांडणीत तो जास्त मुरतो, मागच्या टोकाच्या ओट्यात कमी. छताचा पंखा शेगडीच्या जवळ हवा, आणि धुराचा इशारा देणारे यंत्र त्याच्या अगदी शेजारी नको. तळणाची शेगडी बाहेर, उघड्यावर मांडणे सर्वांत बरे. बंद ऑनिंगमध्ये कधीही नाही.

न्हाणीघर मागच्या टोकाला पूर्ण रुंदीत असेल तर प्रशस्त मिळते, पण गरम हवेच्या नळीचे ते शेवटचे टोक असल्याने हिवाळ्यात थंड राहते. गरम पाण्याच्या नळ्यांवर चालणाऱ्या आल्डे पद्धतीत ही तक्रार कमी, मात्र सोफ्यांमागे हवा फिरायला फट मोकळी ठेवावी लागते. मध्यभागी एका बाजूला शॉवर आणि समोर शौचालय अशी विभागणी केली की मागचा पलंग बंद खोली होतो. पण पुढे झोपलेल्यांना शौचालयाला जाताना पलंगाच्या खोलीतून जावे लागत नाही ना, हे पडद्याची आणि दारांची जागा पाहून ताडावे. शॉवरच्या तळाला दोन कोपऱ्यांत दोन मोऱ्या असाव्यात. एकच असेल आणि कॅरव्हॅन नेमकी उलट्या बाजूला कलली असेल, तर पाणी साचते. बाहेर ठेवायची, लोळवत न्यायची पाण्याची टाकी बहुधा ४० लिटरची असते; चौघांच्या अंघोळी त्यात होत नाहीत. पाणी वापरण्याची सवय असलेल्यांनी शॉवरची नळी कमोडपर्यंत पोहोचते का पाहावे, आणि कॅसेट, म्हणजे शौचालयाखालची काढता येणारी मैल्याची टाकी, लवकर भरेल हे धरून चालावे.

भारतातल्या वाचकापुरते एक: महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. भारतात गाड्या डाव्या बाजूने चालत असल्याने ब्रिटिश कॅरव्हॅनचे डावीकडचे दार इथेही सोयीचे पडते. युरोपातल्या बऱ्याच कॅरव्हॅनचे दार उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे वाहत्या रस्त्याच्या बाजूला उघडते.

निवडताना

मनातली मांडणी आधी घरात जमिनीवर चिकटपट्टीने खऱ्या मापात आखावी. भिंती, पलंग, दार उघडण्याचा कोन, सगळे. दोघांनी त्या चौकटीत एकाच वेळी चहा करून आणि कपडे बदलून पाहावे. मग दुकानात किंवा फेब्रुवारी व ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या कॅरव्हॅन प्रदर्शनात जाऊन बूट काढून झोपावे, शौचालयात बसून दार लावावे, वेगळ्या ठेवायच्या मेजाची जागा शोधावी. हे मेज बऱ्याचदा कपाटात कोंबलेले असते आणि रोज दोनदा ते बाहेर काढण्याचा कंटाळा करून लोक मांडीवर ताटे घेऊन जेवतात. ऑनिंग लावल्यावर दाराच्या बाजूच्या खिडक्यांतून उजेड येत नाही, तेव्हा बैठकीला पुढची किंवा समोरच्या बाजूची मोठी खिडकी हवी. शेवटी तशाच मांडणीची कॅरव्हॅन एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्यावी, शक्यतो पावसात.

जुनी घेताना मांडणीप्रमाणे झीज कुठे होते ते ठरलेले असते. ओट्यासमोर आणि दारात पाय सर्वांत जास्त पडतात, तिथे जमीन दबते किंवा करकरते. जमिनीच्या फळीतल्या थरांचा डिंक सुटल्याची ती खूण. शॉवरच्या तळाला आधार नसेल तर मधोमध तडा जातो आणि पाणी खालच्या लाकडात मुरते. ओल मोजण्याच्या यंत्रावर १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा चालतो, १५ ते २० ला लक्ष ठेवावे, २० च्या वर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करावा. मागच्या न्हाणीघराचे दोन्ही कोपरे, कायम पलंगाखालचे खण उघडून भिंतीचा खालचा भाग आणि पुढच्या खिडक्यांखालची फळी या जागा यंत्र लावल्याशिवाय सोडू नयेत.