व्हीपीएन अडले की आधी घड्याळ बघा

‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’, म्हणजे सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. मिहानमधली किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधली नोकरी सांभाळत आठवड्यातले काही दिवस मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, जरीपटक्यातून घरूनच काम करणारे नागपुरात आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना ऐन मीटिंगच्या तोंडावर ऑफिसचे व्हीपीएन जोडताना ही किंवा अशीच एखादी ओळ पडद्यावर दिसलेली असते. मग ‘काल तर चालत होतं ना!’ म्हणत राउटर बंद-चालू होतो, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पाहिला जातो. त्याने सहसा काही होत नाही. तुमच्या संगणकाने समोरच्याचे सर्टिफिकेट मागितले, ते आले, वाचले आणि नाकारले, एवढे सगळे झाल्यावरच ही ओळ उमटते. म्हणजे इंटरनेट बहुधा चालू आहे. बिनसले आहे ते ओळख पटवण्यात.

ही ओळख पटवणे इतके महत्त्वाचे का? व्हीपीएन तुमचा मजकूर कुलूपबंद करून ऑफिसपर्यंत नेते, हे बहुतेकांना माहीत असते. पण कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली चोराच्या हाती असेल, तर त्याचा काय उपयोग? म्हणून आधी पलीकडे खरोखर ऑफिसचाच सर्व्हर आहे याची खात्री करावी लागते. सर्टिफिकेट म्हणजे त्यासाठीची एक छोटी फाइल. तिच्यात सर्व्हरचे नाव असते, त्याची सार्वजनिक (कोणालाही देता येणारी) किल्ली असते, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत ती चालेल ते असते आणि खाली सर्टिफिकेट देणाऱ्या कोणा प्राधिकरणाची डिजिटल सही असते. फाइलचा हा साचा एक्स.५०९ या नावाने १९८८ साली ठरला आणि सुधारत सुधारत आजही तोच वापरात आहे.

आता त्या सहीवर तरी विश्वास का ठेवायचा? झिरो माइलपाशी सर्वेक्षण खात्याचा १९०७ सालचा बेंचमार्क आहे. नागपुरात एखाद्या जागेची उंची काढायची तर कोणी समुद्रापासून मोजत येत नाही. ज्याची उंची पक्की ठरलेली आहे अशा बेंचमार्कपासून मोजत निघतात आणि तिथून पुढे खुणेमागून खूण जोडत जातात. संगणकातही असे काही पक्के बिंदू आधीच बसवलेले असतात, त्यांना रूट सर्टिफिकेट म्हणतात. रूटची सही मधल्या सर्टिफिकेटवर, मधल्याची सही सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर. मधला दुवा पाठवायला सर्व्हर विसरला की साखळी तुटते. असा बिघाड फार चकवतो, कारण एका लॅपटॉपने तो दुवा आधीच कधीतरी मिळवून ठेवलेला असतो आणि दुसऱ्याने नसतो. मग एकाच घरात नवऱ्याचे व्हीपीएन चालते आणि बायकोचे चालत नाही. ही दुरुस्ती ऑफिसकडची आहे, तुमच्याकडची नाही.

तुमच्या हातात असलेली आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे तारीख. सर्टिफिकेट सुरू झाले का, संपले का, हे संगणक स्वतःच्याच घड्याळावरून ठरवतो. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक बटन सेल असतो, बहुधा सीआर २०३२. या आकड्यातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणक विजेला जोडलेला असेपर्यंत घड्याळ त्या विजेवर चालते. वीज तुटली की सारा भार या सेलवर येतो. आपल्याकडे मे महिन्यात घर बंद करून गावाला जाताना मेन स्विच पाडून जायची पद्धत आहे. सेल जुना असेल तर त्या दिवसांत तो मान टाकतो. परत येऊन डेस्कटॉप सुरू करावा तर तारीख कितीतरी वर्षे मागे गेलेली! त्या घड्याळाच्या हिशेबाने ऑफिसचे सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेले नाही, म्हणून ‘नॉट येट व्हॅलिड’. संगणक चुकीच्या तारखेवरून अगदी बरोबर निष्कर्ष काढत असतो.

नागपूरच्या उन्हामुळे घड्याळ बिघडते का, असेही कोणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. २५ अंशांच्या आसपास तो सर्वांत अचूक चालतो आणि तापमान तिथून जितके दूर जाईल तितका मंदावतो. ४५ अंशांत तो दिवसाला सुमारे सव्वा सेकंद मागे पडेल. अख्खे तीन महिने तेवढाच ताप राहिला तरी फरक दोन मिनिटांच्या आत. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली जाते तेव्हा तोही पुसला जातो. तेव्हा दोष उन्हाचा नाही, संपलेल्या सेलचा आहे, आणि तो बदलणे स्वस्तातले काम आहे.

तारीख बरोबर दिसत असूनही एक चूक लपलेली राहू शकते, ती टाइम झोनची. सर्टिफिकेटमधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. झोन यूटीसी ठेवून कोणी हाताने नागपूरची वेळ लावली, तर पडद्यावर सारे ठीक दिसते, पण संगणक आतून साडेपाच तास पुढे धावत असतो. तसे झाले तर चालू असलेले सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी त्याला वेळेआधीच संपलेले वाटते.

घड्याळ दोषी आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. बँकेची, बातम्यांची संकेतस्थळेही सर्टिफिकेटची तक्रार करत असतील, तर घड्याळावर संशय घ्या. बाकी सगळे उघडते आणि फक्त व्हीपीएन अडते, तर सर्टिफिकेटच्या तपशिलातल्या तारखा वाचा. ते खरोखरच संपलेले असू शकते, आणि मोठमोठ्यांकडूनही हे घडते. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक सर्टिफिकेट संपले आणि ब्रिटन-जपानमधल्या लाखो मोबाइलधारकांची सेवा बंद पडली. लहान ऑफिसांत ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर बसवताना रूट सर्टिफिकेट अनेकदा दहा वर्षांचे बनवलेले असते. बसवणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो आणि तारीख कोणाच्याच ध्यानात नसते. रद्द केलेल्या सर्टिफिकेटांच्या यादीलाही मुदत असते. ती यादी शिळी झाली की ओपनव्हीपीएनचा सर्व्हर एका सकाळी सगळ्यांनाच परत पाठवतो. सगळ्या टीमचे एकदमच अडले असेल, तर स्वतःचा लॅपटॉप उसवत बसू नका.

विंडोजवर व्हीपीएन जोडताना १३८०१ हा त्रुटीचा आकडा दिसला तर नावही तपासा. सर्टिफिकेट नावावर दिलेले आणि तुम्ही जोडणीत सर्व्हरचा आकड्यांतला आयपी पत्ता टाकलेला, असे असेल तर संगणक दोघांना एक मानणार नाही. स्टेशन, हॉटेल, कॅफेच्या फुकट वायफायवर तर ऑफिसच्या ऐवजी लॉगिनच्या पानाचेच सर्टिफिकेट समोर येऊ शकते. तिथे आधी ब्राउझर उघडून लॉगिन पूर्ण करावे, मग व्हीपीएन. काही अँटिव्हायरसही मध्ये शिरून स्वतःचे सर्टिफिकेट पुढे करतात. सर्टिफिकेट कोणी दिले त्या रकान्यात अँटिव्हायरसचे नाव दिसले की कारण सापडले.

हे सगळे वाचायचे सोडून ‘तरीही पुढे जा’ दाबणे मला खरोखर धोक्याचे वाटते. २०११ साली डिजिनोटार या डच प्राधिकरणात घुसखोरी झाली आणि गूगलच्या नावाचे खोटे सर्टिफिकेट बनले. इराणमधल्या लोकांचे जीमेल चोरून वाचण्यासाठी ते वापरले गेले. तिथे सही खरी होती, म्हणून सामान्य माणसाला इशारा मिळण्याची शक्यता फार कमी होती. आपल्याला तर इशारा मिळालेला असतो.

ऑफिसने स्वतः बनवलेले सर्टिफिकेट नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदाच येते, तेव्हा मात्र इशारा दिसणे साहजिक आहे. तेव्हा तपशिलात जाऊन एसएचए-२५६ ठसा, म्हणजे त्या सर्टिफिकेटवरून गणिताने काढलेली ओळखखूण, उघडा. तो ६४ अंक-अक्षरांचा असतो. आयटी विभागाला तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून जुळवा. पहिली चार अक्षरे जुळली म्हणून थांबू नका. तेवढीच जुळणारे खोटे सर्टिफिकेट बनवणे साध्या संगणकालाही जमते.